सात सेकंद

वॉकलीच्या चढावर माझं भाड्याचं घर.
शॉवरचा नळ फिरवला की गरम पाणी
सात सेकंदांनी येतं, खालच्या बॉयलरपासून
जुन्या पाइपांतून रमतगमत.
शेफिल्डच्या पहिल्या हिवाळ्यात हे माहीत नव्हतं.
गार लागलं, नळ फिरवला,
अजून फिरवला,
आणि मग भाजले.
उलट फिरवला. गोठले.
नळ, पाणी आणि मी, तिघांचा झोका
काही केल्या थांबेना.

दिवसभर मी याच गोष्टीचा अभ्यास करते, पगार घेऊन.

ॲटरक्लिफला आमच्या प्रयोगशाळेत एक छोटी रोलिंग मिल आहे.
तापलेली पट्टी दोन रोलरांत शिरते, चपटी होते,
आणि जाडी मोजणारं यंत्र बसवलंय दोन मीटर पुढे,
कारण रोलरांपाशी ते टिकत नाही: वाफ, खपल्या, धग.
म्हणजे आकडा येतो तेव्हा
त्या आकड्याची पट्टी केव्हाच निघून गेलेली.
वरातीमागून घोडं.
आणि चूक दिसली म्हणून जोरात आवळावं
तर पट्टीवर लाटा उठतात. अति तिथे माती,
एवढंच, पण आमच्यात ते
दीड पानाच्या सिद्धतेने म्हणावं लागतं.

गेल्या वर्षी टेग्वेनने शिकणारा कंट्रोलर आणला.
त्याला समीकरणं दिलेली नाहीत, फक्त चार महिन्यांच्या नोंदी.
तो चुकत चुकत शिकतो. तापलं स्टील चुका पोटात घालत नाही.
म्हणून त्याच्याभोवती मी कुंपण घातलं, असमिकांचं:
आत हवं ते कर,
काठाशी आलास की हात धरीन,
तोही हलकेच, लागेल तेवढाच.
हे कुंपण ओलांडलं जाणार नाही
एवढं सिद्ध करायला अकरा महिने गेले.

मार्चमध्ये क्लिफर्ड बॅराक्लफ आले. वय एक्क्याऐंशी,
आयुष्य याच रस्त्यावरच्या, आता नसलेल्या मिलमध्ये गेलेलं.
चहा नको म्हणाले. पडद्याकडे पाहिलंच नाही.
कठड्यावर तळवा टेकून उभे राहिले.
“आता जाड येईल.”
तीन सेकंदांनी यंत्रही तेच म्हणालं.
पुन्हा. पुन्हा. नऊपैकी आठ वेळा.
कसं, विचारलं तर म्हणाले,
“तक्रार करते ना ती, आत शिरतानाच.”

त्या आठवड्यात आम्ही रोलरांशेजारी
बावीस पौंडांचा मायक्रोफोन चिकटवला.
पेपरमध्ये त्याला ‘ध्वनिक पूर्वसूचना’ म्हटलंय.
बॅराक्लफ आभारांत आहेत, बारीक टायपात.

आमच्याकडे दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात:
यंत्राच्या आतलं बाहेरून कळतं का,
आणि बाहेरून ते वळवता येतं का.
एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं येत नाही.
कळतं पण वळत नाही, हे आई मला उद्देशून म्हणायची.
मॅट्रिक्सची रँक काढायला शिकले त्या दिवशी
फळ्यासमोर एकटीच हसले होते.

सुमेधाशी बोलणं बंद होऊन दीड वर्ष झालं.
तिचं एक तिखट वाक्य, माझी दहा,
तिचं उत्तर पोचेपर्यंत माझी आणखी दहा.
साताऱ्यात रात्र, इथे संध्याकाळ,
विलंब नक्की कुठल्या पाइपातला कोण जाणे.
तिचा आवाज खरं तर आधीच बदलला होता.
मी आकड्याची वाट पाहत बसले.

आज सकाळी
नळ करंगळीच्या नखाएवढा फिरवला आणि हात काढून घेतला.
एक. दोन.
थांबायचंय, हे गणिताने सिद्ध आहे.
तीन. दात वाजतायत.
स्वयंपाकघरात फोन पालथा ठेवलाय,
काल रात्री तिला दोनच शब्द पाठवले, कशी आहेस,
पुढे काही जोडलं नाही.
चार.
हात नळाकडे निघालाय,
मी त्याला काठाशी धरते,
हलकेच, लागेल तेवढाच.
पाच.